आधी रिपोर्ट, मग बेड

३ एप्रिल, सकाळी

आजपासून रोजनिशी. साथीच्या अशा काळात घरात एक तरी डोकं थंड लागतं, आणि आमच्या घरात ते माझं आहे.

संकल्प : दिवसातून तीनदा गुळण्या. सकाळी बैठका. बातम्या फक्त एकदा. चेहऱ्याला हात लावायचा नाही.

कारखान्यात लोक उगाच हवालदिल झालेत. आमचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. औषधं खोक्यांतून जातात, म्हणून आम्ही अत्यावश्यक, म्हणून चालू. पर्सोनेल मॅनेजर या नात्याने काल हजेरीच्या मशीनशेजारी मी नोटीस लावली : घाबरू नका, आपण सगळे विम्यात आहोत. मोठे साहेब थांबून वाचून गेले. भाषा सुटसुटीत आहे म्हणाले. असणारच. ही ग्रुप पॉलिसी म्हणजे माझंच अपत्य. मागच्या वर्षी विमा कंपनीच्या माणसाला घासाघीस करून असा काही खाली आणला, की साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला होता.

नोटीस लावताना चष्मा घसरला आणि नाकाला बोट लागलं. चष्म्यामुळे लागलं. धरायचं नाही.

५ एप्रिल

बैठका नाहीत. गुडघा.

दुपारी आमचा फोर्कलिफ्टवाला केबिनच्या दाराशी येऊन उभा राहिला. दोन दिवस कणकण आहे, तोंडाची चव गेलीय म्हणाला. टेस्ट कुठे करायची आणि ती विम्यात बसते का, एवढंच विचारायला आला होता. मी शांतपणे समजावलं. अ‍ॅडमिट झालास तर टेस्टचा खर्च विम्यात. त्याने विचारलं, अ‍ॅडमिट कधी करतात. म्हटलं, टेस्ट पॉझिटिव्ह आली की. तो म्हणाला, साहेब, मग आधी काय करू?

आधी घरी जा आणि आराम कर, असं सांगितलं. एका वाक्यात प्रश्न मिटवणं ही कला आहे.

तो गेल्यावर दाराची मूठ पुसली. मग पेन पुसलं. पेनला तो शिवला नव्हता, पण पेनाकडे बघत होता.

घरी ही खोकते आहे. सकाळी माळा आवरायला काढला होता. धूळच ती.

७ एप्रिल

हिला ताप. अंगात त्राण नाही, आणि कपाळ तव्यासारखं.

लेक म्हणाली, आईची टेस्ट करायला हवी. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे तिला सगळंच लगेच करायला हवं असतं. मागच्या गल्लीतल्या बंद शाळेत सरकारी केंद्र आहे, तिथे फुकट करतात, पण पहाटेपासून रांग लागते आणि उन्हं वर यायच्या आत किट संपतात, अशी माहिती तिने काढून ठेवली होती. मी म्हटलं, ताटात वाढून ठेवलेलं असताना वाडगा घेऊन रांगेत का उभं राहायचं? आपल्याकडे कार्ड आहे. लॅमिनेट केलेलं.

ती म्हणाली, बाबा, कार्ड नाकात घालून टेस्ट होत नाही.

जीभ आईवर गेलीय.

ऑफिसात ताबडतोब कळवणार होतो. पण विचार केला, टेस्ट नाही म्हणजे रिपोर्ट नाही, आणि रिपोर्ट नाही म्हणजे नियमाप्रमाणे घरात आजारच नाही. उगाच अफवा कशाला? गुडघ्यासाठी रजा टाकली. गुडघा खरंच दुखतो.

८ एप्रिल

सकाळपासून फोनवर. आज हा विषय तडीला लावतोच.

विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर बासरी वाजते. छान वाजते. तिच्यात मध्येच एक ठिकाण असं येतं, की वाटतं आता कोणीतरी बोलणार. बोलत नाही.

मग खाजगी लॅब. डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणाले. आमच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवलाय. ते फोनच्या पडद्यावर दिसतात, पण त्यांचं फक्त कपाळ दिसतं. कपाळ म्हणालं, लक्षणं तीच दिसतायत, चिठ्ठी पाठवतो. संध्याकाळी आली. तोवर लॅब बंद.

हरकत नाही. चिठ्ठी आली म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

ही प्राथमिक शाळेत शिकवते. जिच्या आवाजाने दोन मजले खालची मुलं गप्प व्हायची, ती आज अर्ध्या वाक्यात थांबून श्वास घेत होती. मी म्हटलं, तापात असं होतं. तिने मान हलवली. एरवी ती माझं कुठलंच वाक्य असं सोडून देत नाही.

९ एप्रिल, दुपारी

लॅबने चिठ्ठी मान्य केली. माणूस घरी येऊन नमुना घेईल, पण पैसे आधी भरायचे आणि यायला चार दिवस. मी विचारलं, विम्यातून थेट का नाही? ती मुलगी म्हणाली, सर, तुमच्या पॉलिसीत टेस्ट बसत नाही. मी तिला विचारलं, ही पॉलिसी कोणी केलीय माहीत आहे का. तिला माहीत नव्हतं. मी पैसे भरले नाहीत. प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. एकदा भरले की ते मिळतात असं त्यांना वाटायला लागतं.

लेकीने शेजारणीकडून बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन आणलं. हिच्या बोटाला लावलं तर आकडा नव्वदीच्या खाली उतरला. मी माझ्या बोटाला लावलं, अठ्ठ्याण्णव. म्हणजे मशीन बिघडलंय, माझ्यासाठी चालतं आणि हिच्यासाठी नाही, असं मी म्हणालो. लेकीने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

९ एप्रिल, संध्याकाळी

आमच्या पॉलिसीच्या यादीतलं हॉस्पिटल. काचेचं दार, दारात वॉचमन, त्याच्या हातात कपाळावर रोखायचं ताप मोजायचं पिस्तूल. हिचं कपाळ बघून तो दोन पावलं मागे सरला. ह्यांना गाडीतच बसू द्या म्हणाला.

आत काउंटरवर प्लास्टिकचा पडदा. पडद्यामागच्या बाईंना मी कार्ड दाखवलं. त्यांनी उजेडात धरून बघितलं. कार्ड चालू आहे म्हणाल्या. बेड आहे? आहे. मग? रिपोर्ट द्या. म्हटलं, रिपोर्टसाठीच आलोय. त्या म्हणाल्या, आमच्याकडे आधी रिपोर्ट, मग बेड. संशयित पेशंट आम्ही घेत नाही, संशयित पेशंट सरकारीकडे. मी म्हटलं, आमच्या कारखान्याचे शेकडो लोक तुमच्या हॉस्पिटलच्या भरवशावर आहेत. त्या म्हणाल्या, त्यांनाही रिपोर्ट आणायला सांगा.

असं काहीतरी माझ्याच केबिनमध्ये ऐकल्यासारखं वाटलं.

बाहेर गाडीच्या खिडकीतून ही तोंड उघडं टाकून हवा ओढत होती. मागच्या सीटवरून लेक पॉलिसीच्या फाइलने तिला वारा घालत होती. मी सांगितलं, बोलणं सकारात्मक झालं. लेकीने फाइल दुसऱ्या हातात घेतली.

शेवटी बिनधास्तला फोन. हा विमा कंपनीचा आमच्या खात्याचा माणूस. दर वाक्याला बिनधास्त राहा सर म्हणतो, म्हणून ऑफिसात त्याचं नावच ते पडलंय. तो माझा खास माणूस. त्याने लगेच उचलला. सगळं ऐकून घेतलं, चुकचुकला आणि म्हणाला, सर, टेस्ट धरून अ‍ॅडमिट होण्याआधीचा खर्च हे कलम होतं ना आधी. मागच्या वर्षी तुम्हीच काढायला लावलं. म्हणून तर प्रीमियम एवढा खाली आला.

मी म्हटलं, ते मी कंपनीचा माणूस म्हणून काढलं होतं. नवरा म्हणून नव्हतं काढलं.

तो म्हणाला, बरोबर आहे सर, पण फॉर्मवर तसा वेगळा रकाना नसतो. बिनधास्त राहा.

१० एप्रिल, पहाटे

शाळेच्या फाटकाशी. लेकीने ठरवलं, मी फक्त गाडी चालवली. उजाडायचं आहे आणि रांग कोपऱ्यावरून वळलीय. जमिनीवर खडूने गोल काढलेत. लोक गोलात उभे. काही गोलांत माणसाऐवजी चप्पल ठेवलीय, एकात पाण्याची बाटली. हिला उभं राहवत नाही, तिच्यासाठी घरून प्लास्टिकची खुर्ची आणलीय. रांग पुढे सरकली की लेक आईला उठवते, खुर्ची पुढच्या गोलात ठेवते, पुन्हा बसवते.

मागून कोणीतरी म्हणालं, आजी, पुढे व्हा. ही आजी नाही. पण मी वळून बघितलं, आणि तो माणूस का तसं म्हणाला ते कळलं.

मी हातावर हात धरून बसणार नाही. हेल्पलाइन सकाळी रिकामी असते. तिथे एकदा माझं म्हणणं नोंदलं गेलं, की हॉस्पिटलला बेड द्यावाच लागेल. इथे रेंज नाही, म्हणून रस्त्याच्या टोकाला जातो. लेक म्हणाली, बाबा, आत्ता कुठेही जाऊ नका. पण कोणीतरी योग्य मार्गाने प्रयत्न करायला हवा.

१० एप्रिल, दुपारी

क्रमाने लिहितो.

टोकाच्या विजेच्या खांबाशी रेंज मिळाली. बासरी. उन्हं वर आली. बासरी थांबली आणि एक बाई खरोखर बोलल्या. मी पॉलिसी नंबर सांगितला, जन्मतारीख सांगितली, हिची जन्मतारीख सांगितली, सगळी हकीकत सांगितली. मुद्देसूद बोललो. त्या म्हणाल्या, तुमची तक्रार नोंदवली आहे. मग फोनमधून दुसरा आवाज आला, आमच्या सेवेवर समाधानी असाल तर एक दाबा. मी एक दाबला. दुसरं काही दाबायला नव्हतं.

परत आलो तर खुर्ची रिकामी.

रांगेतल्या माणसांनी सांगितलं. ही खुर्चीवरून घसरली. लेक ओरडली. आतून अंगभर पांढरं प्लास्टिक घातलेली नर्स धावत आली. तिने हिचे ओठ बघितले, नखं बघितली. रिपोर्ट विचारला नाही, कार्ड विचारलं नाही, नावसुद्धा ऑक्सिजन लावल्यावर विचारलं. शाळेच्या आवारात अ‍ॅम्ब्युलन्स उभीच होती. लेक मागे चढायला गेली तर तिला उतरवलं, एकच माणूस सोबत चालेल म्हणून, आणि तो माणूस नर्स होती. लेक अ‍ॅम्ब्युलन्सच्या मागे धावत गेली.

मी खुर्ची उचलली आणि गाडीत ठेवली. मग तिथेच बसून राहिलो. खुर्ची पुढच्या सीटवर, मी मागच्या.

११ एप्रिल

सरकारी हॉस्पिटल. बेड मिळाला. टेस्ट तिथेच आत झाली. पॉझिटिव्ह. म्हणजे आता रिपोर्ट आहे.

आम्हा दोघांचेही नमुने घेतले. भेटायला जाता येत नाही, घराबाहेर पडता येत नाही. आता ऑफिसात सांगावं लागलं. साहेबांनी काळजी घ्या म्हटलं आणि विचारलं, ऑफिसात शेवटचे कधी आला होतात? माझी केबिन धुऊन काढणार आहेत.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मी खांबाशी गेलो नसतो तरी जे झालं तेच झालं असतं. किंवा मी गेलो म्हणूनच, एका अर्थी, गोष्टींना गती आली. लेकीला हे सांगितलं. तिने तिच्या खोलीचं दार लावून घेतलं.

१३ एप्रिल

दोघेही निगेटिव्ह. लेक बोलत नाही. चहा करते, माझा कप ओट्यावर ठेवते आणि जाते.

विमा कंपनीला कडक पत्र लिहायला घेतलं. पहिला परिच्छेद इतका जमलाय की पुढचा त्याच्या तोडीचा सुचेना. ड्राफ्टमध्ये ठेवलं.

१४ एप्रिल

वॉर्डातून रोज दुपारी फोन येतो. आज आला नाही.

आम्ही लावला. लागत नाही. लागला तर कोणी उचलत नाही. एकदा उचलला, त्या माणसाने नाव विचारलं, थांबा म्हणाला, फोन कुठेतरी ठेवला. त्यातून वॉर्डाचे आवाज येत राहिले. चाकं, कोणाचा तरी खोकला, एक भांडं पडलं. मी आणि लेक फोनला कान लावून तो खोकला ओळखायचा प्रयत्न करत होतो. तो हिचा नव्हता. मग फोन कोणीतरी जागेवर ठेवून दिला.

अंधार पडल्यावर कळलं, हिला दुसऱ्या वॉर्डात हलवलंय, जिथे श्वास देणारं मोठं मशीन आहे. एवढंच सांगितलं.

न्हाणीघरात नळ सोडून लेक रडत होती. मी दाराबाहेर उभा राहिलो. टकटक करावी का नाही, ते ठरवता आलं नाही.

१५ एप्रिल

काही नाही.

१६ एप्रिल

मशीन काढलं. साध्या ऑक्सिजनवर आणलं. जेवण मागितलं आणि बेचव आहे म्हणून तक्रार केली, असं नर्स म्हणाली. तक्रार केली म्हणजे हीच.

लेक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. मग आठवून बाजूला झाली.

२० एप्रिल

हिचा स्वतःचा फोन. दोन शब्द बोलते, थांबते, पुन्हा दोन शब्द. शेजारच्या बेडवर कोण आहे ओळखा म्हणाली. आमच्या फोर्कलिफ्टवाल्याची बायको. तो घरी जाऊन पडून राहिला, एकाच खोलीचं घर, मग तिला झालं. तो आता बरा आहे, ती अजून ऑक्सिजनवर. दोघींचं चांगलं जमलंय. पडदा सरकवून गप्पा मारतात, जेवढा श्वास पुरेल तेवढ्या.

मग हिने विचारलं, तुमच्या विम्यात टेस्ट का नाही हो? म्हटलं, तसं कलम आहे. कलम कोण करतं? म्हटलं, कंपनी. खरंच आहे ते. मग हिने सांगितलं की पुढच्या वर्षीच्या पॉलिसीत टेस्ट घातली पाहिजे. सगळ्यांच्या, आणि सगळ्यांच्या बायकांच्या. मी शब्द दिलाय तिला, म्हणाली. माझे हे करतील म्हणून.

मी हो म्हणालो. नाही म्हणून तिचा श्वास वादात खर्च करायची इच्छा नव्हती.

२६ एप्रिल

घरी आली! जिना चढताना प्रत्येक वळणावर पायरीवर बसली. मी खालून ती खुर्ची आणू का विचारलं, तर लेक आणि ती दोघी एकदम नको म्हणाल्या.

हात काडीसारखे झालेत. आवाज अजून परतलेला नाही.

बिनधास्तचा फोन. वहिनी बऱ्या झाल्या हे ऐकून फार आनंद झाला म्हणाला. सरकारी हॉस्पिटलात बिल झालं नाही, त्यामुळे क्लेमच नाही. सर, तुमचं रेकॉर्ड एकदम स्वच्छ! पॉलिसीची मुदत महिनाअखेर संपते, तेव्हा भेटूच.

भेटूच.

२९ एप्रिल

उद्या साहेबांकडे बैठक. पूर्ण तयारी. मुद्दे पाठ. सौम्य सुरुवात, मग फोर्कलिफ्टवाल्याचं उदाहरण, मग माझं स्वतःचं. हॉस्पिटलच्या काचेच्या दाराचं वर्णन. तिथे एक विराम घ्यायचा. मग टेबलावर मूठ आपटून : साहेब, टेस्टचं कलम आत, नाहीतर मी बाहेर! राजीनामा टाइप करून खिशात ठेवलाय.

आरशासमोर तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा मूठ कपाटावर आपटली आणि कंगवे खाली पडले. ही पलंगावरून बघत होती. हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा. लेकही दारात येऊन उभी राहिली होती. म्हणाली, बाबा, शेवटचं वाक्य जरा सावकाश घ्या.

किती दिवसांनी बाबा म्हणाली.

३० एप्रिल, सकाळी

इस्त्रीचा शर्ट. गुळण्या केल्या. आज माघार नाही.

३० एप्रिल, संध्याकाळी

साहेबांच्या केबिनमध्ये बिनधास्त आधीच येऊन बसला होता. दोघांचा चहा झाला होता.

मी सौम्य सुरुवात केली. साहेबांनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाले, तुमच्या घरात काय झालं ते मला माहीत आहे, म्हणूनच हा विषय मी तुमच्यावर सोडतो. बिनधास्तने कागद फिरवला. टेस्टच्या कलमासह प्रीमियम आणि कलमाशिवाय प्रीमियम. साहेब म्हणाले, ऑर्डरी निम्म्यावर आल्यात. कलम घेतलं तर लोक कमी करावे लागतील. किती आणि कोण, ती यादी पर्सोनेल म्हणून तुम्हीच कराल. सांगा.

फोर्कलिफ्टवाल्याचं उदाहरण द्यायचं होतं. पण उदाहरण दिलं, तर यादीत पहिलं नाव लिहायला तेच सुचलं असतं. तो महिनाभर गैरहजर आहे.

मूठ आपटली नाही. त्यांच्या टेबलावर काच आहे.

सही केली. कलमाशिवाय. बिनधास्त म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की बघू सर. साहेबांनी हात पुढे केला, मग आठवलं आणि दुरून नमस्कार केला.

घरी आलो. ही उशांना टेकून बसली होती. विचारलं, झालं? म्हटलं, झालं. सविस्तर उद्या सांगणार आहे. आज तिला धाप लागली असती. लेकीने चहा आणला, ओट्यावर न ठेवता माझ्या हातात दिला.

हिने फोन मागितला. मी दिला. मला वाटलं, शाळेत करायचा असेल.

ती आता आत बोलते आहे. आवाज बराचसा परत आलाय, भिंतीतून स्वच्छ ऐकू येतो. हो गं, ह्यांनी केलं, म्हणते आहे. सगळ्यांचं. हो, तुझंही. पलीकडे फोर्कलिफ्टवाल्याची बायको रडत असावी, कारण ही मध्येच थांबून म्हणते आहे, अगं वेडे, रडायचं काय त्यात.

मी टीव्हीचा आवाज वाढवला आहे.